देवाचा ताप

आमच्या बेगमपुऱ्यातल्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नसे. पहाटेची अजान झाली की आई उठायची. मग फुंकणीचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, आणि ऊन अंगणातल्या हौदाच्या काठावर उतरलं की शेजारी हमीदाखालांच्या घरातला माग सुरू व्हायचा. हमीदाखालांचे मियाँ हिमरूचं नक्षीदार कापड विणायचे. आमची नि त्यांची भिंत एकच होती, त्यामुळे तो 'खटक-खट, खटक-खट' आवाज आमच्या स्वयंपाकघरात कायमचा राहायला आल्यासारखा होता. जुम्म्याला माग बंद असला की आईला फोडणी देताना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. हौदात नहरीचं पाणी दिवसभर बारीक धारेनं पडत असे. आणि या सगळ्यावर आईचं गाणं. ते कुणाला ऐकवण्यासाठी नसे. शब्दही तिला धड पाठ नसत. दोन ओळी म्हणून झाल्या की पुढचं सगळं नुसतं गुणगुणणं. पण डाळ निवडत असो की लुगडं पिळत असो, ती गप्प म्हणून नसायची. आता माझ्या घरात दोन घड्याळं आहेत आणि दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. मुलगा म्हणतो, सेल बदल. मी बदलत नाही. मला त्यांच्याकडून फारशी अपेक्षा नाही.

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, निजामाचा अंमल संपला होता, आणि आमच्या घरात त्याचा सगळ्यात मोठा परिणाम झाला तो अण्णांच्या जिभेवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. शिकले उर्दूत, शिकवलं उर्दूत, आणि आता सगळं मराठीतून शिकवा असा हुकूम आला. घरी आम्ही मराठीच बोलत होतो, पण घरच्या मराठीत त्रिकोण कुठे येतो? संध्याकाळी ते पाटीवर आकृत्या काढून आमच्यावर सराव करायचे. तोंडातून 'मुसल्लस' निघून जायचं, मग जीभ चावून 'त्रिकोण, त्रिकोण' असं दोनदा म्हणायचे. माझी धाकटी बहीण शकी तेवढ्यासाठी टपून बसलेली असायची. 'मुसल्लस' आलं रे आलं की टाळ्या पिटायची. शकुंतला तिचं नाव. ती सहा वर्षांची होती, मी अकराची. तिला बोलण्याची जेवढी हाव तेवढीच ऐकण्याची. मागाची नक्कल, होल्याच्या घुमण्याची नक्कल, फुलंब्रीच्या आत्याच्या खोकल्याची नक्कल, सगळं तिला यायचं. देवघरातला अंगठ्याएवढा रांगता बाळकृष्ण तिनं आपला म्हणून ठरवून टाकला होता. आईची पूजा झाली की ती त्याच्यापुढे मांडी घालून बसायची आणि माझ्या चहाड्या सांगायची. मला त्या ऐकू याव्यात एवढा आवाज ती मुद्दाम चढवायची, हे वेगळं सांगायला नकोच.

पोळा झाला आणि शकीला ताप आला. दोन दिवसांत उतरेल म्हणता म्हणता तो मुदतीचा निघाला. त्या काळी मुदतीच्या तापाला एकवीस दिवस धरायचे आणि पोराला धरून बसायचं, यापलीकडे फारसं काही हातात नसे. डॉक्टर यायचे, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेलं लाल औषध द्यायचे आणि 'जपा' म्हणून जायचे. महालक्ष्म्या त्या वर्षी आमच्याकडे बसल्याच नाहीत. घरात भाकरी-पिठलं एवढंच शिजायचं, तेही मी करायची आणि अण्णा निमूटपणे करपलेलं खायचे. मी माझ्या परीनं देवाला पुष्कळ काही कबूल करून बसले होते. चिंचा खाणार नाही, शकीला चिमटे काढणार नाही, दप्तरातली आरशाची डबी तिला देऊन टाकीन. अकरा वर्षांच्या मुलीजवळ द्यायला जे असतं ते सगळं मी देऊ केलं. ताप काही हलला नाही.

फुलंब्रीहून अण्णांची थोरली बहीण आली. आत्या विधवा होती, शेत एकटीनं बघायची, आणि देवाशी ती सालगड्याशी बोलावं तसं बोलायची. दोन दिवस तिनं शकीच्या उशाशी बसून काढले. तिसऱ्या सकाळी आईला म्हणाली, "इंदू, लई झालं आता. हात जोडून नाय ऐकत त्यो. देव पाण्यात ठेव."

आई दचकली. "वन्सं, देवाला असं कोंडीत धरायचं?"

"मंग? त्यानं पोरीला धरलंय ते चालतंय व्हय? ठेव पाण्यात. जवर पोर बरी व्हत नाय तवर काढायचे नाय. त्याला बी कळू दे जरा."

आईनं तांब्याचं घंगाळ घासून लख्ख केलं, पाण्यानं भरलं, आणि एकेक करून देव आत सोडले. अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, शाळिग्राम आणि शेवटी बाळकृष्ण. पूजा बंद, नैवेद्य बंद, दिवाही नाही. फक्त रोज सकाळी पाणी बदलायचं. ते काम माझ्याकडे आलं. हौदाचं ताजं पाणी घालताना मी देवांची नजर टाळायची. मला ते आवडलं नव्हतं, आणि करू नये असंही वाटत नव्हतं.

घंगाळ देवघरासमोर भिंतीशी ठेवलेलं होतं आणि शकीचं अंथरूण त्याच खोलीत, दोन हातांवर. तिच्या कपाळावर दिवसभर गार पाण्याच्या घड्या असायच्या. एका दुपारी ताप इतका चढला की ती बरळायला लागली. डॉक्टर म्हणाले, चादर भिजवा आणि सगळं अंग गुंडाळा. आईनं आणि आत्यानं तिला ओल्या चादरीत गुंडाळलं. तिचे दात वाजत होते, ती हात काढायला बघत होती, आणि आई तिला दाबून धरून एकसारखी म्हणत होती, "उतरला की काढते हं सोन्या. ताप उतरला की लगेच बाहेर काढते." मान एका बाजूला करून शकी घंगाळाकडे बघत पडली होती. मला वाटलं, ती ग्लानीत आहे.

एकविसावा होता की बाविसावा, आता आठवत नाही, पण एका सकाळी आईनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. आत्यानं आधी चुलीपुढे जाऊन नाक शिंकरलं, मग हुकूम सोडला, "काढ आता देव भाईर. बघितलंस? आला का नाय सुतासारखा?" आईनं घंगाळात हात घातला. बाळकृष्ण बाहेर काढून पदरानं पुसता पुसता ती हसऱ्या आवाजात म्हणाली, "शके, मऊ भात खाशील? मेतकूट घालून देऊ?"

शकी जागी होती. भिंतीकडे तोंड करून एका मुंगीमागे बोट फिरवत होती. आईनं पुन्हा हाक मारली. पलीकडे माग जोरात चालला होता, म्हणून ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. आत्याच्या हातात परात होती. तिनं ती उचलली आणि फरशीवर आदळली. मी जागच्या जागी उडाले. शकीचं बोट मुंगीमागे चाललं होतं तसंच चालत राहिलं.

आईनं शकीकडे पाहिलं, मग हातातल्या बाळकृष्णाकडे पाहिलं. मग तिनं तो सावकाश परत पाण्यात सोडला. "अजून नाही," ती म्हणाली.

पुढचे महिने मी लिहायला बसले की माझा हात जड होतो. डॉक्टरांनी कानात बघितलं, नस गेली म्हणाले, जीव वाचला हेच नशीब समजा म्हणाले. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तेच सांगायचं. आई ऐकून घ्यायची आणि एकदाच म्हणाली, "मी अर्धी पोर मागितली नव्हती." या वाक्याचा तिला पुढे आयुष्यभर पस्तावा होता, पण तेव्हा ती तसंच म्हणाली आणि मला ते लपवायचं नाही. तिचं गाणं बंद झालं. दसरा गेला, दिवाळी आली. दारात पणत्या लागल्या आणि देवघर काळोखात राहिलं. गारठा वाढला तसे अण्णा एकदा चाचरत म्हणाले, "इंदू, पुरे आता. त्यालाही थंडी वाजत असेल."

"वाजू दे," आई म्हणाली. "हे त्याचं नि माझं आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

अण्णा पाटी घेऊन ओसरीवर जाऊन बसले. त्यांची मराठी एव्हाना सुधारली होती. कधी 'मुसल्लस' निघालंच तरी आता टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

शकी मात्र आमच्याइतकी दुःखी नव्हती, आणि याचा मला चक्क राग यायचा. पहिले काही दिवस ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बावरून रडली. मग आमची हातांची एक भाषा हळूहळू तयार झाली. बोटं जुळवून तोंडाशी नेली की 'जेवलीस का?', तळवा गालाला लावला की 'झोप', कपाळाला लावला की 'ताप'. ती स्वतः तोंडानंच बोलायची, पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. अख्ख्या गल्लीला आमच्या घरी काय शिजलं ते कळायचं. सकाळी ती हमीदाखालांकडे जायची आणि मागाच्या लाकडावर दोन्ही तळवे टेकवून बसायची. "चालू आहे!" असं तिथून ओरडून सांगायची. खालांचे मियाँ तेवढ्यासाठी जरा जोरात ठोके द्यायचे.

हमीदाखाला आमच्या आईपेक्षा थोड्या मोठ्या. ॲक्शनच्या गडबडीत त्यांचा धाकटा भाऊ घरातून गेला तो गेलाच. कुणी म्हणे सरहद्दीपलीकडे आहे, कुणी काहीच म्हणत नसे. एकदा हौदावर दोघी पाणी भरत होत्या आणि मी कपडे खंगाळत होते. खालांनी विचारलं, "भाभी, रूठे क्या उससे?"

"हां," आई म्हणाली. "मैं अब उससे बोलतीच नै."

खालांनी भरलेली बादली हौदाच्या काठावर टेकवली. "मैं बी तीन साल से मांगरइ ना. एक खत. बस एक खत मांगरइ. नै आया."

"फिर बी पाँच पाँच बार बोलते तुम उससे?"

"हौ. नै तो किससे बोलूं?" एवढं बोलून त्यांनी बादली उचलली. त्या दिवशी आईनं भाजीत दोनदा मीठ घातलं.

पौषातली सकाळ होती. अण्णा शाळेत गेले होते, आई हौदावर धुणं धूत होती. मी पाणी बदलायला घंगाळापाशी गेले तर आत नुसतं पाणी. देव नव्हते. मी किंचाळले असणार, कारण आई ओल्या हातांनी धावत आली. तिनं घंगाळात हात घालून तळ चाचपला, देवघरात पाहिलं, भिंतीच्या कडेनं पाहिलं. इतके महिने ज्याच्याशी तिनं अबोला धरला होता, तो घरात नाही म्हटल्यावर तिचं तोंड पांढरंफटक पडलं. आजही मला ते तोंड आठवतं तेव्हा वाटतं, माणूस ज्याच्यावर एवढा रागावू शकतो तो त्याच्या किती जवळचा असतो.

शकी मागच्या दाराच्या पायरीवर उन्हात बसली होती. अण्णांचा मफलर पसरून त्यावर तिनं अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक आणि शाळिग्राम ओळीनं वाळत ठेवले होते. बाळकृष्ण तिच्या मांडीवर होता, हिमरूच्या एका तुकड्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेला. ती त्याला मागेपुढे हलवत होती. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात उगारला. आईनं आम्हाला कधी मारलं नव्हतं, पण तेव्हा ती मारणार होती, याबद्दल मला शंका नाही. इतक्या महिन्यांचा हट्ट त्या पोरीनं सकाळच्या उन्हात वाळत घातला होता.

शकीनं वर पाहिलं. उगारलेला हात पाहून ती मुळीच घाबरली नाही. आई ताप बघायला हात पुढे करतेय असं तिला वाटलं. तिनं बाळकृष्ण दोन्ही हातांनी उचलून आईच्या हाताखाली धरला.

"बघ, बघ, हात लावून बघ!" ती तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली. "देवाचा ताप उतरला! कधीचाच उतरलाय. तू बाहेर काढायला विसरलीस."

आईचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला, सावकाश, आणि दोन बोटं बाळकृष्णाच्या कपाळाला लागली.

"गार आहे ना?"

आईनं मान हलवली.

"मग झालं तर," शकी म्हणाली.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. आम्ही देवाला कोंडीत धरलं होतं, त्याच्यावर रुसलो होतो, त्याला धडा शिकवत होतो. आणि ही पोर इतके महिने समजत होती की देव आजारी आहे. तिला ताप आला तेव्हा तिला ओल्यात गुंडाळलं, तसंच देवालाही आईनं पाण्यात ठेवलं असणार. आपल्याला बरं कर म्हणून देवाला साकडं घातलंय हे तिच्या गावीही नव्हतं. उलट, आई कुठे कामात असली की ही घंगाळात बोट घालून त्याच्या कपाळाला लावून बघत होती, हे तिनं नंतर सांगितलं.

आई पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. बाळकृष्णाकडे बघून ती बोलायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "एवढंसं मागितलं होतं रे तुझ्याजवळ. एवढंसं. काय जड होतं तुला?" तिचा आवाज चढत गेला. पलीकडचा माग थांबला आणि हमीदाखाला डोक्यावर पदर घेत आमच्या मागच्या दाराशी आल्या. शकी आईच्या ओठांकडे निरखून बघत होती. तिनं आपला तळवा आईच्या तोंडावर ठेवला.

"त्याच्यावर ओरडू नको," ती म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही. तापात गेलं त्याचं पण."

दारात खालांनी तोंडाला पदर लावला.

"माझ्यासारखंच झालंय त्याला," शकीनं समजावून सांगितलं. "हातानं बोल."

आईनं डोळे पुसले. मग तिनं उजव्या हाताची बोटं जुळवली आणि बाळकृष्णासमोर स्वतःच्या तोंडाशी नेली. जेवलास का? इतके महिने ज्याला उपाशी ठेवला त्याला तिनं पहिली गोष्ट ही विचारली.

त्याच दिवशी देव देवघरात गेले. पण पुरणपोळीचा नैवेद्य करू म्हटलं तर शकी आडवी आली. तापातून उठलेल्या माणसाला पुरण देतात होय? त्यामुळे पुढचे आठ दिवस आमच्या देवांनी मऊ भात आणि मुगाचं वरण खाल्लं, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. आत्या संक्रांतीला आली तेव्हा तिला हे कळलं. नैवेद्याच्या वाटीकडे बघून ती म्हणाली, "येडी का काय समदी?" मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकून ती बराच वेळ देवघरासमोर उभी राहिली आणि जाताना तिनं बाळकृष्णाच्या कपाळाला, कुणी बघत नाही असं पाहून, बोटं लावली. मी बघत होते.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, दुःख का येतं यावर विद्वानांची पुष्कळ प्रवचनं ऐकली. एकानंही मला त्या पायरीइतकं काही सांगितलं नाही. मी आई किंवा शकीसारखी झाले असंही नाही. माझे मालक गेले तेव्हा मीही देवाशी वर्षभर बोलले नाही. भांडखोरपणा आमच्या रक्तातच आहे. फक्त तेव्हाही सकाळी आंघोळ झाली की मी देवाकडे बघून एकदा विचारायची, बरा आहेस ना?

शकीला ऐकू कधीच आलं नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण अशा गोष्टींचा शेवट गोड करायचा मोह होतो. आईनंही मागणं सोडलं नाही. पूजेच्या शेवटी, तोंडानं एक अक्षर न बोलता, ती शकीकडे बोट दाखवायची, स्वतःच्या कानाला लावायची आणि हात जोडायची. मग जरा थांबायची, आणि 'बरं' असं पुटपुटून उठायची. एकदा शकीनं ते पाहिलं. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. तिनं विचारलं, "काय मागतेस गं रोज?" आईनं तिच्या कानाला हात लावून सांगितलं. शकी एवढ्या मोठ्यानं हसली की हौदावरची कबुतरं उडाली.

"अगं, त्याचेच कान अजून आले नाहीत!" ती म्हणाली. "आधी त्याचे येऊ दे. मग माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं. आईनं पूजा केली, बाळकृष्णाला पुसून जागेवर ठेवलं आणि आधी त्याच्या इवल्याशा कानाला बोट लावून हात जोडले. मग शकीसाठी जोडले. पुढे ती होती तोवर रोज तिनं आधी त्याच्यासाठी मागितलं.